कुंभारवाड्याला चहा वाढतो कसा

संगणकाच्या मते गोदामात चहाची पावडर एकसष्ट किलो होती. महाबळेश्वर मिराशींच्या मते अडतीस. गोदामाचा संगणक सांभाळणाऱ्या राखीने तिसऱ्यांदा पडद्यावर बोट ठेवून आकडा वाचला, महाबळेश्वरांनी चौथ्यांदा रॅकवरची पाकिटं मोजली, तरी दोघांचंही म्हणणं जागचं हललं नाही.

"मामा, आणि एकदा मोजून बगा की," राखी म्हणाली.

"मोजून काय करू? मोजलं की अडतीसच हुतंय."

रामनगरात महाबळेश्वरांना लहानथोर सगळे मामा म्हणत. बावीस वर्षं त्यांनी सोसायटीचं खताचं गोदाम सांभाळलं होतं आणि त्या बावीस वर्षांत एका पोत्याचा फरक कधी पडला नव्हता. पुढे सोसायटी बंद पडली, तेव्हा कुलूप लावायच्या दिवशीही मामांनी रिकामं गोदाम मोजून 'शून्य' असं लिहिलं आणि खाली सही केली. म्हणूनच हुबळीच्या एका कंपनीने जोयडा तालुक्यातल्या दुकानांना माल पुरवायला रामनगरला गोदाम उघडलं, तेव्हा गोदामपाल कोण हे कुणाला विचारावं लागलं नाही. काम सोपं होतं. सोमवारी हुबळीहून ट्रक यायचा, माल रॅकवर चढायचा, ज्या दुकानाला जे लागेल ते निळ्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भरलं जायचं आणि झिलू ते क्रेट आपल्या टेम्पोतून कुंभारवाडा, गुंद, कुळगीपर्यंत पोचवायचा. येताना मागच्या खेपेचे रिकामे क्रेट घेऊन यायचे. सहा महिने सगळं नीट चाललं तर गोदाम राहणार होतं, नाही तर नाही. त्यातले तीन महिने झाले होते आणि चहा तेवीस किलोने कमी भरत होता.

आता इथे एक गोष्ट वाचकांना आधीच सांगून टाकलेली बरी. गोदामात ती कुणी कुणाला सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी आहे हेच कुणाच्या ध्यानात आलं नाही. या भागात दुसऱ्याच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. शेजारणीने वाटीभर आमटी दिली तर वाटी घासून, पुसून, तिच्यात काहीतरी घालूनच परत जाते. घरात काहीच नसलं तर निदान गुळाचा खडा. आणि क्रेट म्हणजे तरी काय, भांडंच की. कंपनीच्या घरून भरून आलेलं. ते रिकामं कसं धाडायचं? त्यामुळे पहिल्याच आठवड्यापासून क्रेटमधून केळी येत होती, भिरंडं म्हणजे कोकमाची फळं येत होती, कंद येत होते. झिलू ते उतरवायचा, मामा वाटे घालायचे, राखी आपला वाटा पिशवीतून घरी न्यायची. नवल वाटावं असं त्यात कुणाला काही दिसलं नाही.

यंत्र मात्र हुबळीचं होतं. झिलूच्या हातात कंपनीने एक मशीन दिलं होतं, त्याला लटकता काटा जोडलेला होता. क्रेट परत घेताना त्यातून कुठला माल गेला होता ते सांगणारी चिठ्ठी मशीनला दाखवायची, दुकानदाराच्या डोळ्यांदेखत क्रेट काट्याला अडकवायचा, की मशीन क्रेटचे दोन किलो वजा करायचं आणि पावती काढून द्यायचं. दोन किलोच्या वर जे भरेल तो न खपलेला माल, अशी त्याची समजूत होती. चहाच्या क्रेटात चार किलो केळी असली तर मशीन हुबळीला कळवायचं, कुंभारवाड्याहून चार किलो चहा परत आला. हुबळीचा संगणक तो चहा रामनगरच्या गोदामात जमा धरायचा आणि कुंभारवाड्याला चहा खपत नाही असं ठरवून पुढच्या खेपेला कमी पाठवायचा.

कुंभारवाड्याच्या शांताक्कांचा फोन आला तो याच सुमाराला. शांताक्कांचं दुकान म्हणजे आजूबाजूच्या सात वाड्यांचा बाजार. त्यांचा आवाज फोनशिवायही रामनगरला पोचला असता.

"मामा, ह्या टायमाला चा चारच किलो आलाय. मी धा मागिटला हुता."

"हुबळीस्नंच चार लावून दिलाय, आक्का."

"का म्हणून? माजं काय चुकलं काय?"

मामा विचारात पडले. माणसं अशी अचानक हात आखडता घेतात तेव्हा काहीतरी कारण असतंच. "तू मागल्या टायमाला क्रेटात काय घातलं हुतंस?"

"केळ्याचा घड. ल्हानसा हुता."

"तसं काय नसंल म्हणा. पण कंपनी मोटी हाय, आक्का. एवडासा घड त्यास्नी दिसतोय का न्हाई काय की."

मामा हे अर्धं गमतीने बोलले. शांताक्कांनी ते पुरतं मनावर घेतलं.

पुढच्या खेपेला चहाच्या क्रेटात सात किलोचा फणस आला. त्याच्या पुढच्या खेपेला कुंभारवाड्याला चहा दोनच किलो गेला. शांताक्का घाबरल्या आणि त्यांनी नऊ किलोचा फणस दिला. मग चहा एक किलोवर आला. गुंदला परशूच्या दुकानातही हाच प्रकार चालू होता, फक्त तिथे चहाऐवजी अंगाचा साबण होता. परशूने दोन पपया दिल्या, साबण निम्मा झाला. त्याने कंदांची टोपली ओतली, साबण बंद झाला. गुंदची माणसं आंघोळीला साबण मिळेना म्हणून कुरकुरायला लागली आणि परशू अख्ख्या गावात मोठा फणस शोधत फिरायला लागला.

त्यात त्या पावत्यांनी भर घातली. पावतीवरचा मजकूर बारीक इंग्रजीत असायचा, तो कुणी वाचत नव्हतं, पण आकडा ठळक असायचा. आपण दिलेल्या वस्तूची कंपनी वजन करून पावती देते, याचं दुकानदारांना फार कौतुक वाटलं. इतकी माणुसकी शेजारणीसुद्धा दाखवत नाहीत. झिलू एका गावची बातमी दुसऱ्या गावाला पोचवायचाच.

"परशूचा फणस धा किलो भरला, आक्का."

"धा? थांब जरा," असं म्हणून शांताक्का परसात गेल्या आणि घाम पुसत आल्या तेव्हा त्यांच्या काखेत अकरा किलोचा फणस होता. त्या दिवशी कुंभारवाड्याला एक किलो चहा गेला होता आणि हुबळीच्या दप्तरी अकरा किलो परत आला.

हुबळीहून कंपनीचे सागर किल्लेकर आले ते असल्या सगळ्या आकड्यांचे कागद घेऊन. मूळचे बेळगावचे, तिशीतले, गळ्यात ओळखपत्र आणि बोलणं अगदी मऊ. त्यांनी गोदामाची कुलपं पाहिली, पत्रे पाहिले, रॅकच्या मागे डोकं घालून पाहिलं. मग सगळा माल स्वतः मोजला. चहा मामांच्या आकड्याइतकाच भरला. दरम्यान संगणक एकशे चारवर गेला होता.

"मामा, मी तुमच्यावर संशय घेत नाही," ते म्हणाले.

"मग हुबळीस्नं कशापायी आलासा?"

सागरनी एक कागद पुढे केला. "हे बघा. कुंभारवाड्याला एक किलो चहा जातो आणि अकरा किलो परत येतो. मला एवढंच सांगा, कुंभारवाड्याला चहा वाढतो कसा?"

मामांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायची त्यांना सवय होती. "तितली हवा चांगली हाय," ते शेवटी म्हणाले.

राखी तोंडावर ओढणी धरून बाहेर गेली. सागर मात्र हसले नाहीत. महिनाअखेरीपर्यंत उलगडा झाला नाही तर गोदाम बंद होईल आणि अहवालात मामांचं नाव जाईल, असं त्यांनी त्याच मऊ आवाजात सांगितलं. त्या दुपारी मामांनी डबा उघडलाच नाही. गोदाम गेलं असतं तर त्यांनी सोसलं असतं, एक जाताना त्यांनी पाहिलंच होतं. पण आकड्याखाली आपली सही असावी आणि आकडा खोटा ठरावा, हे त्यांना फार लागलं. घोटाळा कुठे झाला तेही कळेना, म्हणजे स्वतःला शिव्या द्यायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सागर झिलूच्या शेजारी टेम्पोत बसून कुंभारवाड्याला गेले. चोरी गोदामात नसेल तर वाटेत असणार, असा त्यांचा हिशेब. वाटेत त्यांनी झिलूला अडवून अडवून प्रश्न विचारले आणि झिलूने प्रत्येक वळणावर कुणाचं कुठलं शेत आहे ते सांगितलं.

"साहेब आल्यात व्हय," शांताक्का म्हणाल्या. "बसा. चा करून दिला असता, पन चा तुमीच बंद केलासा." त्यांनी कोकमाचं सरबत दिलं आणि आतून दोघांना हाक मारली. दोन माणसांनी मिळून निळा क्रेट उचलून आणला. झिलूने चिठ्ठी मशीनला दाखवली, क्रेट काट्याला अडकवला, काटा कुरकुरला आणि पावती बाहेर आली. सागरनी ती झिलूच्या हातून घेतली आणि मोठ्याने वाचली. "चहा पावडर. परत. तेरा किलो चारशे ग्रॅम."

"तेरा," शांताक्का समाधानाने म्हणाल्या.

"हे काय आहे?" सागरनी क्रेटकडे बोट दाखवलं.

"फणस. काप्पा हाय, बरका न्हवं. तुमी येनार म्हणून राकून ठिवलेला."

"पण पावतीवर चहा लिहिलंय."

"पावती तुमची. तुमच्या कंपनीला फणस आन् चा यातलं कळत न्हाई, त्याला मी काय करू?"

मग त्यांनी खांबावरची तार काढून सागरच्या मांडीवर ठेवली. तारेला पंधरा-वीस पावत्या ओवलेल्या होत्या. "ह्या समद्या माज्या. परशूच्या दुकानात जाऊन बगा, धाच्या वर एक गावायची न्हाई."

सागर मिठाच्या पोत्यावर बसले आणि एकेक पावती वाचत गेले. चहा, चहा, चहा. पहिल्यांदा त्यांना हसू आलं. मग मामांचा न उघडलेला डबा आठवला आणि लाज वाटली. आपण एका सरळ माणसाला विनाकारण टांगून ठेवलं, असं त्यांना मनापासून वाटलं. ते उठले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "आक्का, यापुढे क्रेट रिकामा द्यायचा."

"रिकामा?"

"हो. आत काही घालायचं नाही."

दुकानात मीठ घ्यायला आलेल्या दोन बायकांनी पिशव्या खाली ठेवल्या. झिलू स्वतःच्या चपलांकडे बघायला लागला.

"साहेब, तुमच्या घरात बायकामानसं हायत न्हवं?" शांताक्कांनी विचारलं.

"आहेत."

"मग त्यास्नी इचारून या. त्या व्हय म्हणाल्या की न्या क्रेट."

सागर झिलूकडे वळले. "तू असं कर, फणस काढून बाजूला ठेव आणि मग वजन घे."

"आक्कांच्या म्होरं?" झिलू दोन पावलं मागे सरला. "दिल्यालं काडून ठेवायचं म्हंजे नको म्हटल्यासारकंच की. तुमीच काडा, साहेब. मला आटवड्यातनं दोनदा यायचं हाय हितं."

सागरनी फणसाला हात लावला. शांताक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. सागरनी हात काढून घेतला आणि टेम्पो क्रेटशिवायच निघाला.

गुंदला पोचेपर्यंत शांताक्कांचा फोन पुढे गेला होता. परशूने क्रेट दाखवले, एकावर एक नीट रचलेले, धुऊन पुसलेले. "भरून द्याचं न्हाई म्हणतासा, रिकामं आमी देत न्हाई. तवर ऱ्हाऊ देत हितंच. आमी काय खात न्हाई तुमचं क्रेट." कुळगीलाही तेच झालं. चार दिवसांत एकूण त्रेसष्ट क्रेट गावागावांत अडकले. रामनगरला माल भरायला क्रेट उरला नाही. साखर रॅकवर, मीठ जमिनीवर, आणि सोमवारच्या ट्रकचा ड्रायव्हर दारात उभा राहून कन्नडमधून विचारतोय, क्रेट कुठे आहेत. सागरनी हुबळीला फोन लावून परिस्थिती सांगितली. पलीकडच्या साहेबांनी विचारलं, "लोक क्रेट देत नाहीत, कारण तुम्ही त्यांना फणस देऊ देत नाही? किल्लेकर, तुमची तब्येत बरी आहे ना?"

वाट मामांनी काढली. "यंत्राला चा कळतोय, साबण कळतोय. मग त्याला फणस शिकवा की."

सागरनी राखीच्या खुर्चीवर बसून संगणकात मालाच्या यादीत एक नवीन नाव उघडलं, फणस. परतीच्या क्रेटांत केळी, कंद, पपया, जे येईल ते मशीनने याच नावावर धरायचं. खाली स्वतःची मंजुरी घातली. दुसऱ्या दिवशी झिलूने वजन केलं तेव्हा पावतीवर फणस असं आलं, शांताक्कांना दहा किलो चहा मिळाला, परशूला साबण मिळाला आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट क्रेट परत आले, एकही रिकामा नाही. सागरनी अहवालात लिहिलं की गोदामपालांचा आकडा बरोबर होता, संगणकाचा चूक. मामांनी ते वाक्य राखीकडून तीनदा वाचून घेतलं आणि घरी जाऊन बायकोला चौथ्यांदा सांगितलं. सागर निघाले तेव्हा मामांनी आणि झिलूने त्यांच्या गाडीत तीन फणस ठेवले. सागर नको नको म्हणाले आणि म्हणता म्हणता त्यांनी डिकी उघडून दिली.

पुढचे दोन महिने छान गेले. सहा महिने भरले, गोदाम कायम झालं. आणि श्रावणात हुबळीहून पत्र आलं.

पत्रात लिहिलं होतं की रामनगर गोदामात फणस दोनशे बारा किलो शिल्लक दिसतो, प्रत्यक्ष मोजणी तात्काळ कळवावी. मामांनी राखीकडे पाहिलं, राखीने रॅककडे पाहिलं. फणसाचा हंगाम कधीच संपला होता. दोनशे बारा किलो फणस रामनगरच्या घराघरांतून पचून गेला होता. पत्राच्या शेवटी आणखी दोन ओळी होत्या. हा माल संगणकात किल्लेकरांनी उघडला असल्यामुळे जबाबदारी त्यांची राहील. आणि किल्लेकरांच्याच अहवालानुसार ज्यांचा आकडा कधी चुकत नाही, त्या श्री. महाबळेश्वर मिराशी यांनी चौकशी करून तुटीचं कारण कळवावं.

"मामा, चौकशी तुमच्याकडं?" राखी म्हणाली.

"तसंच लिवलंय खरं." मामांनी पत्र उलटं करूनही पाहिलं.

संध्याकाळी सागरचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षाही मऊ. "मामा, तीन फणस माझ्या घरी आले होते. ते लिहू नका, असं मी म्हणत नाही."

"मग काय म्हणतासा?"

"काहीच नाही. फक्त तेवढी नोकरी आहे माझी. घरी आई आहे. बाकी काही नाही."

मामा फोन ठेवून बसून राहिले. तो माणूस आपल्याला चोर ठरवायला आला होता, पण खरं दिसल्यावर त्याने खरं लिहिलं. आता खरं लिहायची पाळी आपली. आणि खरं हे होतं की कंपनीचा माल कंपनीच्या माणसाने डिकीत घालून नेला. डिकीत तो आपण घातला, ही गोष्ट लिहायला कागदावर जागाच नव्हती. राखीने संगणकावर चौकशीचं पान उघडलं होतं. तुटीच्या कारणापुढे तीनच पर्याय होते आणि त्यांतला एक निवडल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं: चोरी, नासाडी, उंदीर.

"नासाडी घालूया?" राखीने विचारलं.

"घाल."

"नासक्या मालाचा फोटो मागतंय."

श्रावणात नासका फणस आणायचा कुठून? मामा उठून दारापर्यंत गेले, परत आले, पाणी प्यायले. बावीस वर्षं आणि वर हे आठ महिने, त्यांनी एक खोटा शब्द कागदावर लिहिला नव्हता. त्यांना अगदी कोंडल्यासारखं झालं.

"मामा, सहा वाजता पान बंद हुतंय."

सहाला दहा मिनिटं कमी असताना मामा म्हणाले, "उंदीर."

"दोनशे बारा किलो?"

"पावसुळ्यात भूक लागत्या," मामा म्हणाले आणि बाहेर जाऊन नळाखाली हात धुऊन आले.

चार दिवसांनी सागरचा फोन आला. "मामा, तुम्ही उंदीर लिहिलंत?"

"मग काय लिवू? चोरी लिवू?"

"नको. उंदीर राहू द्या."

कंपनीने उंदीर मान्य केले. इतकंच नव्हे, तर फार गंभीरपणे घेतले. जे उंदीर दोनशे बारा किलो फणस सालीसकट खातात ते उद्या साखरेला लागतील, म्हणून त्यांचा समूळ बंदोबस्त करण्यासाठी रामनगर गोदामाची पूर्ण माहिती असलेला अनुभवी माणूस पाठवत आहोत, असं पत्र आलं. सोमवारच्या ट्रकमधून तो माणूस उतरला. ते सागर किल्लेकर होते आणि त्यांच्या हातात तारेचे सहा पिंजरे होते.

दोघे समोरासमोर उभे राहिले. राखी संगणकाआड तोंड लपवून बसली होती. मामांनी एक पिंजरा हातात घेतला, दार उघडून पाहिलं, मिटून पाहिलं, मग सागरकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"ल्हान पडंल, साहेब," ते म्हणाले.